लायब्ररीची नवी जार आली आणि दुसऱ्याचे बिल्ड मोडले : इंटरफेसमधल्या 'थ्रोज'चा त्रास कसा ओळखायचा, कसा निस्तरायचा

हा त्रास जावाच्या प्रत्येक सामायिक लायब्ररीला कधी ना कधी होतोच आणि एकदा निस्तरला तरी चार-सहा महिन्यांनी परत येतो. लायब्ररीच्या स्वतःच्या चाचण्या हिरव्या असतात, जार (कंपाइल केलेल्या कोडची फाइल) बदलून ॲप चालवले तर तेही नीट चालते. आठवड्याने दुसऱ्या टीममधला कोणी आपल्या कोडमधली भलतीच ओळ बदलून बिल्ड करतो, तेव्हा पंधरा फाइली लाल होतात. तोवर लायब्ररीवाल्यांनी काय बदलले होते, हे कोणाच्या लक्षातही नसते.

बोलायला सोपे जावे म्हणून एक काल्पनिक मांडणी धरू. पणजीतली एक टीम फेरीबोटींच्या वेळापत्रकाची लायब्ररी सांभाळते. तिच्यावर तीन प्रोग्राम उभे आहेत: रायबंदर आणि चोडणच्या धक्क्यांवरचा वेळफलक, मडगावात लिहिला जाणारा मोबाइल ॲपचा सर्व्हर आणि रात्री चालणारा अहवाल. लायब्ररीचा इंटरफेस एवढाच:

इंटरफेस वेळापत्रकस्रोत {
    लिस्ट<फेरी> फेऱ्या(धक्का कुठला);
}

(कीवर्ड इथे वाचायला सोपे म्हणून देवनागरीत लिहिले आहेत, फाइलमध्ये ते मूळ रूपातच लागतात. मेथड आणि क्लासची नावे मात्र देवनागरीत ठेवली तरी जावाला चालतात.)

आता वेळापत्रक फाइलऐवजी नेटवर्कवरून वाचायचे ठरले. कोणीतरी मेथडच्या शेवटी 'थ्रोज आयओएक्सेप्शन' जोडले, म्हणजे ही मेथड वाचन-लेखनाची चूक (एक्सेप्शन) बाहेर फेकू शकते असे जाहीर केले. हे 'चेक्ड' एक्सेप्शन आहे, म्हणजे बोलावणाऱ्याने ते पकडावे किंवा पुढे जाहीर करावे अशी कंपायलरची सक्ती असते. त्या दोन शब्दांनी काय काय होते ते पाहू.

आधी कंपायलरचा संदेश नीट वाचा

जावासी (जावाचा कंपायलर) कोणता संदेश देतो, यावरून निम्मे निदान होते.

'अनरिपोर्टेड एक्सेप्शन … मस्ट बी कॉट ऑर डिक्लेअर्ड टू बी थ्रोन' असे आले, तर लायब्ररीने एक्सेप्शन वाढवले आहे आणि अडचणीत आला आहे तो मेथड बोलावणारा. वेळफलकाच्या कोडमध्ये जिथे जिथे 'फेऱ्या' बोलावली आहे, तिथे ही चूक येईल.

'ओव्हरिडन मेथड डझ नॉट थ्रो …' असे आले, तर उलटे झाले आहे. इंटरफेसवरून एक्सेप्शन काढले गेले आणि ज्याने तो इंटरफेस इम्प्लिमेंट करून स्वतःच्या मेथडवर तेच 'थ्रोज' लिहिले होते, तो अडकला.

'एक्सेप्शन … इज नेव्हर थ्रोन इन बॉडी ऑफ करस्पाँडिंग ट्राय स्टेटमेंट' हाही काढल्याचाच परिणाम, पण बोलावणाऱ्याच्या बाजूचा. त्याने 'कॅच आयओएक्सेप्शन' लिहून ठेवले होते आणि आता त्या ट्रायमध्ये ते येऊच शकत नाही असे कंपायलर म्हणतो. 'कॅच एक्सेप्शन' किंवा 'कॅच थ्रोएबल' लिहिले असेल तर ही चूक येत नाही, कारण त्यांत रनटाइम (म्हणजे जाहीर करण्याची सक्ती नसलेली, अनचेक्ड) एक्सेप्शनही बसतात. ज्याने कॅच न करता स्वतःच्या मेथडवर 'थ्रोज' लावून चूक पुढे ढकलली होती, त्यालाही काही होत नाही. न येणारे एक्सेप्शन जाहीर करायला जावाची हरकत नाही.

'इनकम्पॅटिबल थ्रोन टाइप्स … इन फंक्शनल एक्सप्रेशन' म्हणजे कोणीतरी 'मॅप(स्रोत::फेऱ्या)' असा मेथड रेफरन्स दिला आहे आणि स्ट्रीमच्या 'फंक्शन'ला चेक्ड एक्सेप्शन चालत नाही.

'… इन डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर' अशा शेपटीचा संदेश फार गोंधळात टाकतो, कारण तो दाखवत असलेल्या क्लासमध्ये कन्स्ट्रक्टर लिहिलेलाच नसतो. लायब्ररीतल्या बेस क्लासच्या कन्स्ट्रक्टरला 'थ्रोज' जोडले की सबक्लासचा आपोआप बनणारा कन्स्ट्रक्टर मोडतो. तिथे कन्स्ट्रक्टर हाताने लिहून त्यावर 'थ्रोज' द्यावा लागतो.

लक्षात ठेवायचे ते एवढेच: वाढवले की बोलावणारा मोडतो. काढले की इम्प्लिमेंट करणारा आणि कॅच लिहिणारा मोडतो. रुंद करणे, म्हणजे 'फाइलनॉटफाउंड'चे 'आयओएक्सेप्शन' करणे, वाढवण्यासारखेच आहे. अरुंद करणे काढण्यासारखे. मेथड फायनल किंवा स्टॅटिक असेल तर ती कोणी ओव्हरराइड करू शकत नाही, त्यामुळे अरुंद करणे बरेच सुरक्षित. इंटरफेसच्या मेथडला ही सवलत नाही.

जार बदलल्यावर लगेच का कळत नाही

'थ्रोज' तपासतो तो फक्त कंपायलर. क्लास फाइलमध्ये त्याची नोंद 'एक्सेप्शन्स' नावाच्या ॲट्रिब्यूटमध्ये राहते, पण मेथड जोडताना जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र) ती पाहत नाही. जावा भाषेच्या स्पेसिफिकेशनमध्ये बायनरी सुसंगततेवरचे तेरावे प्रकरण आहे. 'थ्रोज' बदलल्याने आधी कंपाइल झालेल्या बायनरी मोडत नाहीत, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून जार बदलून चालवून पाहणे ही या बाबतीत चाचणीच नव्हे. प्रत्यक्ष एक्सेप्शन येत नाही तोवर ती नेहमी पास होणार.

याच्या जोडीला जुन्या जारचा घोळ असतो. मेव्हन या बिल्डच्या साधनात स्नॅपशॉट (अजून पक्की न झालेली) आवृत्ती मूळ सेटिंगप्रमाणे दिवसातून एकदाच नव्याने तपासली जाते, ग्रेडल या तशाच साधनात बदलत्या मॉड्यूलची कॅश २४ तास टिकते. आपल्याकडे जून-जुलैत लाईन गेली, नेट गेले की मेव्हन 'उणे ओ' लावून ऑफलाइन चालवायची सवय लागते. मग घरच्या रिपॉझिटरीत असेल ती जुनी जार वापरली जाते आणि एकाच्या मशीनवर बिल्ड होते, दुसऱ्याच्या होत नाही. वाद घालण्याआधी दोघांनी 'एमव्हीएन उणे मोठा यू क्लीन व्हेरिफाय' चालवावे आणि 'डिपेंडन्सी ट्री'मध्ये नेमकी कोणती आवृत्ती येते ते ताडून पाहावे.

दोन जारमध्ये काय बदलले हे शोधायला 'जावापी' (क्लास फाइल उलगडून दाखवणारा, जावासोबतच येणारा प्रोग्राम) पुरतो. जुन्या जारवर आणि नव्या जारवर त्याच इंटरफेससाठी तो चालवा, आउटपुट दोन फाइलींत घ्या आणि डिफ काढा. मेथडच्या ओळीतच 'थ्रोज' छापून येतो, सोर्स कोड हाताशी असण्याची गरज नाही.

बिल्ड मोडत नाही तेव्हा जास्त धोका असतो

बिल्ड लाल झाले तर निदान कळते तरी. खरी हानी होते ती जुने कंपाइल झालेले कोड आणि नवी जार एकत्र चालतात तेव्हा.

वेळफलक दर मिनिटाला 'स्केड्यूलॲटफिक्स्डरेट' वापरून 'फेऱ्या' बोलावतो असे धरा. लिहिणारा काळजी घेणारा होता, म्हणून कामाभोवती 'कॅच रनटाइमएक्सेप्शन' घातले. त्याच्या वेळी मेथडवर एकही चेक्ड एक्सेप्शन नव्हते, तेव्हा एवढे पुरेसे होते. आता नव्या जारमधून चोडणच्या धक्क्यावर नेटवर्क तुटताच आयओएक्सेप्शन येते. जेव्हीएम ते अडवत नाही आणि ते रनटाइमएक्सेप्शन नसल्यामुळे त्या कॅचला चुकवून वर जाते. शेड्युलरचा नियम असा की कामाच्या एका खेपेत एक्सेप्शन बाहेर आले तर पुढच्या सगळ्या खेपा बंद. लॉगमध्येही काही दिसत नाही, कारण ते एक्सेप्शन 'फ्युचर'मध्ये (कामाचा निकाल धरून ठेवणाऱ्या वस्तूत) अडकून पडते आणि त्याचा 'गेट' कोणी बोलावत नाही. फलकावर सकाळच्याच वेळा दिवसभर राहतात आणि धक्क्यावरचा माणूस न येणाऱ्या बोटीची वाट पाहत उभा राहतो.

उपाय: शेड्युलरचे काम, थ्रेडचा 'रन', मेसेज क्यूचा लिसनर अशा सगळ्यात वरच्या जागी नेहमी 'कॅच एक्सेप्शन' लिहा आणि लॉग करा. आतल्या कोडमध्ये एवढा रुंद कॅच वाईट, पण सीमेवर तोच बरोबर.

उलट दिशेनेही हेच घडते. इंटरफेसवरून 'थ्रोज' काढला, बोलावणाऱ्याने नव्या जारवर कंपाइल करून कॅच काढून टाकला, पण प्लगइन म्हणून जोडलेले जुने इम्प्लिमेंटेशन अजून आयओएक्सेप्शन फेकतेच आहे. तिथे ते नावाने पकडायला गेलात तर कंपायलर 'नेव्हर थ्रोन' म्हणून नाकारतो. तेव्हा 'कॅच एक्सेप्शन' घेऊन आत 'इन्स्टन्सऑफ'ने ओळखण्यावाचून गत्यंतर नाही.

रनटाइमला 'थ्रोज' खरोखर वाचला जातो अशी एक महत्त्वाची जागा आहे: 'जावा.लँग.रिफ्लेक्ट.प्रॉक्सी', म्हणजे इंटरफेसच्या मेथड बोलावल्या की त्या हँडलरकडे वळवणारा मध्यस्थ. हँडलरने असे चेक्ड एक्सेप्शन फेकले की जे इंटरफेसच्या मेथडवर जाहीर नाही, तर प्रॉक्सी ते 'अनडिक्लेअर्डथ्रोएबलएक्सेप्शन'मध्ये गुंडाळून देतो. स्प्रिंगसारख्या फ्रेमवर्कमध्ये इंटरफेसपुढे बऱ्याचदा असा प्रॉक्सी असतो. हे नाव स्टॅक ट्रेसमध्ये दिसले तर इंटरफेस जुना आणि इम्प्लिमेंटेशन नवे, किंवा कोणीतरी 'स्नीकी थ्रो' वापरून चेक्ड एक्सेप्शन चोरून बाहेर काढते आहे, असे समजा. खरे कारण 'गेटकॉज'मध्ये मिळेल. कोटलिन या भाषेत चेक्ड एक्सेप्शन ही कल्पनाच नाही. त्यामुळे जावा इंटरफेसचे इम्प्लिमेंटेशन कोटलिनमध्ये असेल तर तेही संशयितांत धरा.

मॉकिटोच्या (चाचणीसाठी खोटी इम्प्लिमेंटेशन बनवणाऱ्या लायब्ररीच्या) चाचण्याही याच नोंदीवर चालतात. 'थेनथ्रो'मध्ये जाहीर नसलेले चेक्ड एक्सेप्शन दिले की 'चेक्ड एक्सेप्शन इज इनव्हॅलिड फॉर धिस मेथड' असे म्हणून चाचणी पडते. 'थ्रोज' काढल्यावर बिल्ड पास होऊन नुसत्या चाचण्या पडल्या तर आधी इथे पाहा.

दुरुस्ती: असलेल्या मेथडचा 'थ्रोज' बदलू नका

जार बाहेर पडली असेल तर तो बदल मागे घ्या आणि पुढची आवृत्ती काढा. वापरणाऱ्यांना 'कॅच लावून घ्या' म्हणून सांगणे सोपे वाटते. पण तातडीत लावलेला कॅच बहुतेक वेळा रिकामा असतो आणि मग नेटवर्कची चूक कायमची गडप होते. त्यापेक्षा लायब्ररीवाल्याने कष्ट घेणे बरे.

मेथडवर आधीच एखादे चेक्ड एक्सेप्शन जाहीर असेल तर काम सोपे आहे. नव्या चुकीसाठी त्याचाच सबक्लास करा. 'थ्रोज'ला हात लावावा लागत नाही, जुने कॅच चालू राहतात, ज्याला बारीक फरक हवा तो सबक्लास पकडतो. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीने हेच केले. जावा ६ मध्ये 'एसक्यूएलएक्सेप्शन'खाली 'एसक्यूएलट्रान्झिएंटएक्सेप्शन' आणि 'एसक्यूएलटाइमआउटएक्सेप्शन' असे सबक्लास आले. 'एसक्यूएलएक्सेप्शन' पकडणारे जुने कॅच तसेच कंपाइल होत राहिले.

यात एक खड्डा आहे. आधी जो सबक्लास फेकत होता तो बदलून दुसरा भावंड-क्लास फेकू लागलात तर कंपायलर गप्प राहतो, वागणूक मात्र बदलते. 'फाइलइनपुटस्ट्रीम' फाइल नसेल तर 'फाइलनॉटफाउंडएक्सेप्शन' देतो. जावा ७ मधला 'फाइल्स.न्यूइनपुटस्ट्रीम' त्याच प्रसंगी 'नोसचफाइलएक्सेप्शन' देतो. दोन्ही आयओएक्सेप्शनचेच वंशज, पण एकमेकांचे कोणी नाहीत. लायब्ररीच्या आत जुने बदलून नवे वापरले की 'फाइल नसेल तर कालचे वेळापत्रक दाखव' असा लिहिलेला कॅच चुकतो. आत बदल केलात तर बाहेर पडणारे एक्सेप्शन जुन्या प्रकारात बदलून द्या, मूळ एक्सेप्शन कॉज म्हणून जोडा.

आपल्या उदाहरणात मेथडवर काहीच जाहीर नव्हते. तिथे दोन मार्ग उरतात.

पहिला: जुनी मेथड तशीच ठेवा आणि आतले आयओएक्सेप्शन 'अनचेक्डआयओएक्सेप्शन'मध्ये गुंडाळून फेका. हा क्लास जावा ८ मध्ये, म्हणजे २०१४ मध्ये आला. त्याचा कॉज नेहमी आयओएक्सेप्शनच असतो, म्हणून पकडणाऱ्याला 'गेटकॉज' कास्ट न करता वापरता येतो. वेळफलकातला 'कॅच रनटाइमएक्सेप्शन' यालाही पकडतो, म्हणजे वरचा सगळा प्रसंग टळतो. मेथडच्या जावाडॉकमध्ये हे स्पष्ट लिहा. कंपायलर आता कोणाला आठवण करून देणार नाही, ते काम दस्तऐवजाचे.

दुसरा: चूक हाताळायला लावणे खरोखरच गरजेचे असेल तर नवी मेथड द्या. फक्त 'थ्रोज' वेगळा असलेल्या, त्याच नावाच्या आणि त्याच पॅरामीटरच्या दोन मेथड जावात असू शकत नाहीत, म्हणून नाव किंवा पॅरामीटर बदलावाच लागतो. जावानेही हेच केले आहे: 'यूआरएलएन्कोडर.एन्कोड'ला एन्कोडिंगचे नाव स्ट्रिंग म्हणून दिले तर चेक्ड एक्सेप्शन हाताळावे लागते. जावा १० मध्ये 'कॅरसेट' घेणारी नवी मेथड आली, तिला ते नाही. 'बाइटअॅरेआउटपुटस्ट्रीम'ला जावा ११ मध्ये 'राइटबाइट्स' मिळाली, कारण वारशाने आलेल्या 'राइट'वर आयओएक्सेप्शन चिकटलेले होते. जुन्या मेथड दोन्हीकडे जागच्या जागी आहेत.

आपल्या इंटरफेसमध्ये ते असे दिसेल:

डिफॉल्ट लिस्ट<फेरी> फेऱ्यावाचा(धक्का कुठला) थ्रोज आयओएक्सेप्शन {
    ट्राय {
        रिटर्न फेऱ्या(कुठला);
    } कॅच (अनचेक्डआयओएक्सेप्शन चूक) {
        थ्रो चूक.गेटकॉज();
    }
}

नवी मेथड जुनीला बोलावते, ही दिशा महत्त्वाची. बाहेरच्या इम्प्लिमेंटेशनमध्ये जुनीच लिहिलेली आहे, तिच्यावरच उभे राहता येते. काही जण सोय म्हणून जुन्या मेथडलाही डिफॉल्ट करून नवीकडे वळवतात. मग ज्याने दोन्हींपैकी एकही लिहिली नाही त्याचा क्लास बिनबोभाट कंपाइल होतो आणि चालताना दोघी एकमेकींना बोलावत 'स्टॅकओव्हरफ्लो'ला पोचतात. त्यापेक्षा नव्या इम्प्लिमेंटेशनसाठी एक ॲबस्ट्रॅक्ट क्लास द्या, ज्यात नवी मेथड ॲबस्ट्रॅक्ट ठेवलेली असते आणि जुनी मेथड नवीला बोलावून आयओएक्सेप्शन गुंडाळते. जुनीवर 'डेप्रिकेटेड' लावा. जावा ९ पासून त्यात 'सिन्स' आणि 'फॉररिमूव्हल' लिहिता येतात.

'थ्रोज' काढायचाच असेल

शक्यतो काढू नका. नको असलेला 'थ्रोज' सांभाळण्याचा खर्च काढण्यापेक्षा कमी आहे. इम्प्लिमेंट करणारे आपापल्या मेथडवरून तो आधीच काढू शकतात, ओव्हरराइड करताना कमी एक्सेप्शन चालतात. मेजर आवृत्तीत काढणार असाल तर एक आवृत्ती आधी त्यांना ते करायला सांगा.

'ऑटोक्लोजेबल' या जावाच्या इंटरफेसच्या बाबतीत पहिल्या दिवशीच काळजी घ्या. त्याच्या 'क्लोज'वर सरसकट 'थ्रोज एक्सेप्शन' आहे. आपल्या इंटरफेसने तो वाढवून 'क्लोज' पुन्हा जाहीर केली नाही, तर ट्राय-विथ-रिसोर्सेस (काम संपताच 'क्लोज' आपोआप बोलावणारा ट्राय) वापरणाऱ्या प्रत्येकाला 'एक्सेप्शन' हाताळावे लागते. नंतर अरुंद करायला जाल तोवर लोकांनी 'थ्रोज एक्सेप्शन' लिहिलेली इम्प्लिमेंटेशन तयार असतात.

एक्सेप्शनचा क्लासच अनचेक्ड करणे

'थ्रोज'ला हात न लावता लायब्ररीच्या स्वतःच्या एक्सेप्शनचा पालक 'एक्सेप्शन'ऐवजी 'रनटाइमएक्सेप्शन' करणे हा तिसरा रस्ता. हायबरनेट या डेटाबेससाठीच्या लायब्ररीने आवृत्ती ३ मध्ये हे केले. रनटाइमएक्सेप्शन स्वतः एक्सेप्शनचाच वंशज असल्याने जुना एकही पूर्वज हरवत नाही. जुने कॅच आणि 'थ्रोज' बहुतेक तसेच कंपाइल होतात, म्हणून हा रस्ता फार मोहात पाडतो.

मोडते ते तीन ठिकाणी. 'कॅच रनटाइमएक्सेप्शन' आधी आणि आपले एक्सेप्शन नंतर असा क्रम असेल तर 'हॅज ऑलरेडी बीन कॉट' ही चूक येते. मल्टी-कॅचमध्ये दोन्ही एकत्र असतील तरीही कंपायलर नाकारतो, पर्यायांत नाते चालत नाही. तिसरे ठिकाण कंपायलरला दिसतच नाही: स्प्रिंगचे 'ट्रान्झॅक्शनल'. मूळ सेटिंगप्रमाणे ते रनटाइमएक्सेप्शन आणि एररवर रोलबॅक करते (डेटाबेसमधले बदल मागे घेते), चेक्ड एक्सेप्शनवर कमिट (बदल पक्के). आपला क्लास बदलला की काल कमिट होणारी नोंद आज रोलबॅक होते. रात्रीच्या अहवालाने अर्धवट निकाल मुद्दाम साठवून ठेवण्यावर भरवसा ठेवला असेल तर तो निकाल नाहीसा होईल. हा बदल करण्याआधी प्रत्येक वापरकर्त्या प्रोग्राममध्ये 'रोलबॅकफॉर' आणि 'नोरोलबॅकफॉर' शोधा. जिथे काहीच लिहिलेले नाही, ती जागा सगळ्यात आधी तपासा.

बिल्डमध्येच अडवायचे

'जापीसीएमपी'चे मेव्हन प्लगइन मागच्या प्रकाशित जारशी तुलना करते. 'मेथड आता चेक्ड एक्सेप्शन फेकते' आणि 'आता फेकत नाही' हे दोन्ही बदल ते ओळखते, पण त्यांना बायनरी-सुसंगत आणि सोर्स-विसंगत असे मानते. नुसता बायनरी बिघाडावर बिल्ड थांबवायचा पर्याय चालू केलात तर हे दोन्ही सुटून जातात. सोर्स बिघाडाचा पर्याय वेगळा आहे, तोही चालू करा.

त्यासोबत लायब्ररीच्या रिपॉझिटरीत एक छोटे 'वापरकर्ता' मॉड्यूल ठेवा आणि त्यातला कोड गोठवा, म्हणजे लायब्ररी बदलली तरी तो बदलायचा नाही. त्यात पुढचे नमुने असावेत: कॅच लावून बोलावणारा, कॅच न लावता बोलावणारा, 'थ्रोज'सह इम्प्लिमेंट करणारा, 'थ्रोज'विना इम्प्लिमेंट करणारा, लॅम्ब्डा, मेथड रेफरन्स, कन्स्ट्रक्टर न लिहिलेला सबक्लास आणि स्टॅटिक फील्डला सुरुवातीची किंमत देताना मेथड बोलावणारा. प्रत्येक बिल्डला हे मॉड्यूल नव्या जारवर शून्यापासून कंपाइल करा. शिवाय जुन्या जारवर एकदा कंपाइल केलेली त्याची प्रत जपून ठेवा आणि तीही नव्या जारसोबत चालवा, मुद्दाम नेटवर्क तोडून. पहिल्याने सोर्सचा बिघाड कळतो, दुसऱ्याने शेड्युलर गप्प बंद पडण्यासारखा.

इंटरफेसचा कोणताही बदल चवथीच्या आठवड्यात सोडू नका. निम्मी टीम पेडणे-सत्तरीत गावी असते आणि बिल्ड मोडले तर ज्याला विचारायचे तो फोनवर मिळत नाही. जुनी जार रिपॉझिटरीत राहू द्या, आवृत्तीच्या नोंदीत बदललेल्या मेथडचे पूर्ण नाव, जुना 'थ्रोज' आणि नवा 'थ्रोज' शेजारी-शेजारी लिहा, आणि मडगावच्या टीमला पुन्हा कंपाइल करून पाहायला आधीच सांगा.